वारशाने आलेली चित्रं गॅलरीमार्फत विकायची आहेत: कमिशन, कागदपत्रं, कर?

नारायणपेठकर

घरात वारसाहक्काने आलेली तीन चित्रं आहेत, ती विकायची आहेत.

१. तैलरंग, कॅनव्हास, २४ बाय ३६ इंच. घाटातलं निसर्गचित्र. उजव्या कोपऱ्यात देवनागरी सही आणि १९५८. चित्रकार मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयाचे, आता हयात नाहीत. लिलावांच्या कॅटलॉगमध्ये नाव अधूनमधून दिसतं.
२. जलरंग, १४ बाय १० इंच, काचेच्या फ्रेममध्ये. कागदावर तपकिरी ठिपके. मागे पेन्सिलीने १९२१ लिहिलंय.
३. रविवर्म्याची लक्ष्मी. घरात सगळे 'ओरिजिनल' म्हणतात.

एका व्यापाऱ्याने तिन्हींचे मिळून दीड लाख रोख सांगितले आहेत आणि आठवड्यात कळवा म्हणतो. दुसरा मार्ग म्हणजे जुन्या चित्रांचं काम करणारी गॅलरी. कमिशन किती असतं, लिहून काय घ्यायचं, कर किती बसतो, आणि देण्याआधी चित्रं साफ करून, नवीन फ्रेम घालून द्यावीत का? पुण्यातच द्यावं की मुंबईला? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

तैलरंग

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण नुकसान तिथेच होतं. साफ करू नका. ओलं फडकं नाही, बटाटा-कांदा नाही, कॉलिन तर नाहीच. तैलचित्रावर पाणी फिरवलं की ते भेगांमधून खाली उतरतं, कॅनव्हासवरचा सरसाचा थर फुगतो आणि दोन-चार महिन्यांनी रंगाचे पापुद्रे सुटतात. साफ केल्या दिवशी चित्र चकचकीत दिसतं, म्हणून लोक फसतात. फ्रेमही बदलू नका. जुन्या फ्रेमच्या मागचा पुठ्ठा, त्यावरची चिठ्ठी, फ्रेमवाल्याचा शिक्का हे सगळं पुरावा म्हणून धरलं जातं, आणि नवा फ्रेमवाला नेमकं तेच कचऱ्यात टाकतो.

आता चित्र उलटं करा. विकणाऱ्याच्या दृष्टीने पाठ पुढच्या बाजूइतकीच कामाची. बॉम्बे आर्ट सोसायटी (१८८८ची) किंवा आर्ट सोसायटी ऑफ इंडिया (१९१८ची) यांच्या प्रदर्शनाचं लेबल, त्यावरचा क्रमांक, जुनी किंमत, पेन्सिलीतलं शीर्षक, काय असेल त्याचा फोटो काढा. प्रदर्शनाचा क्रमांक मिळाला तर त्या वर्षीच्या कॅटलॉगशी ताडून पाहता येतो, आणि तो जुळला तर गॅलरीशी बोलण्याचा सूरच बदलतो. त्याशिवाय घरात बिल, चित्रकाराचं पत्र, ते चित्र भिंतीवर दिसतंय असा जुना लग्नाबिग्नातला फोटो शोधा. असा फोटो लोक हसण्यावारी नेतात, पण 'हे चित्र १९६५ साली या घरात होतं' हे त्याइतकं स्वस्तात दुसऱ्या कशाने सिद्ध होत नाही.

गॅलरीला पाठवायचे फोटो: पूर्ण समोरून, पूर्ण मागून, सही जवळून, चारही कोपरे, आणि एक तिरप्या उजेडातला. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च चित्राच्या कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरायचा. भेगा, फुगे, ठिगळं, मागून बसलेला मार, सगळं सावलीने उठून दिसतं. माप फ्रेमशिवाय द्या, उंची आधी, रुंदी नंतर. तुमचं २४ बाय ३६ म्हणजे आडवं असं धरतोय. उलट लिहिलं असेल तर गॅलरीच्या यादीत ते उभं होईल.

सहीसाठी अतिनील टॉर्च. बाजारात स्वस्तात मिळतो तो बहुधा ३९५ नॅनोमीटरचा असतो, त्याने सगळंच जांभळं दिसतं. ३६५चा घ्या. जुनं नैसर्गिक राळेचं व्हार्निश हिरवट चमकतं आणि नंतर केलेली डागडुजी त्यावर काळपट डागांसारखी दिसते. सहीच तशी काळी, व्हार्निशच्या वर तरंगल्यासारखी दिसली तर गप्प बसू नका, गॅलरीला आधीच सांगा. त्यांना ते दिसणारच आहे.

संवर्धन करायचंच तर गॅलरीने चित्र बघितल्यावर, प्रशिक्षित संवर्धकाकडून, आधीचे-नंतरचे फोटो आणि लेखी अहवालासह. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला-संवर्धन केंद्र आहे, किमान चौकशी तिथून सुरू करा. पुष्कळदा गॅलरी म्हणते, आहे तसंच द्या. मळकट पण अस्पर्श चित्राला घेणारा सापडतो. रंगवून 'नवं' केलेल्याला सापडणं अवघड.

---

भिंगवाला

तीन नंबरबद्दल. निराश होऊ नका, पण पुण्यातल्या घरांतल्या शंभरातल्या नव्याण्णव 'ओरिजिनल रविवर्मा' शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेल्या प्रती असतात. (नव्याण्णव हा आकडा बोलण्यातला, मोजलेला नाही.) रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीजवळ हलला, म्हणजे आपल्या लोणावळा लोकलच्या वाटेवरच. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या.

ओळखायचं असं. जवाहिऱ्याचं दहापटीचं भिंग घ्या आणि चेहऱ्यावर, गालाच्या सावलीत बघा. बहुधा तीनपैकी एक दिसेल. रंग एकमेकांत मिसळलेला, ब्रशच्या केसांच्या रेघा, कुठे थर जाड तर कुठे पातळ: हाताने रंगवलेलं. बारीक, वेडेवाकडे, वेगवेगळ्या आकाराचे ठिपके, अनेक सपाट रंगांचे, एकावर एक: दगडावरून छापलेलं जुनं शिळाछाप. सारख्या अंतराचे, फुलासारखे रचलेले नेटके ठिपके: अलीकडचं ऑफसेट, त्याला फक्त फ्रेमची किंमत.

गोंधळ होतो कारण शिळाछापावर कॅनव्हाससारखी वीण दाबून उठवायचे आणि वरून व्हार्निश द्यायचे. बोटाला खरबरीत लागतं, म्हणून लोकांना ते तैलचित्र वाटतं. ती वीण सगळीकडे एकसारखी असते, रंगाच्या थराबरोबर बदलत नाही.

खालच्या समासात रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असं इंग्रजीत छापलेलं आहे का बघा. फ्रेमवाल्यांनी समास कापलेला असतो आणि त्याबरोबर किंमतही कापली जाते. जरी-टिकल्या लावून सजवलेला नमुना असेल तर टिकल्या अजिबात पुसू नका, त्याला वेगळं गिऱ्हाईक आहे.

आणि चुकून खरंच हाताने रंगवलेलं निघालं, तर विषयच वेगळा. रविवर्मा राष्ट्रीय कलानिधी ठरवलेल्या नऊ चित्रकारांपैकी. त्यांची चित्रं देशात विकता येतात, देशाबाहेर नेता येत नाहीत.

---

कागदीघोडा

कमिशन आणि करारावर लिहितो, पण आधी 'गॅलरी' हा शब्द सोडवून घेऊ. पुण्यात बालगंधर्व कलादालन किंवा घोले रस्त्यावरचं महापालिकेचं कलादालन ही भाड्याने मिळणारी दालनं. जागा मिळते, विक्री तुमची तुम्ही करायची. मुंबईचं जहांगीरही मुख्यतः तसंच, फक्त निवड होते आणि तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. तुमच्या कामाची ही जागा नव्हे. तुम्हाला हवी दिवंगत चित्रकारांच्या कामांची पुनर्विक्री करणारी गॅलरी, आणि तीही त्याच परंपरेतली चित्रं विकणारी. अमूर्त चित्रांच्या गॅलरीत घाटाचं निसर्गचित्र सहा महिने भिंतीला टेकून उभं राहील. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांनी याच पिढीतली कोणती कामं विकली, हे सरळ विचारा. पुणे की मुंबई हा प्रश्न त्यावरच सुटतो.

मार्ग तीन आहेत.

सरळ विक्री: पैसे लगेच, भाव सगळ्यात कमी, कारण जोखीम घेणारा ती वळती करणारच.

गॅलरीत ठेवून विक्री: पुनर्विक्रीचं कमिशन साधारण १० ते २५ टक्के. किंमत जितकी मोठी तितका टक्का खाली येतो. हयात चित्रकाराच्या नव्या कामावर ३० ते ५० टक्के घेतात. तो आकडा ऐकून घाबरू नका, पण तोच आकडा तुम्हाला लावला तर उठून या.

लिलाव: कमिशनशिवाय विमा, छायाचित्रण, वाहतूक असे खर्च विचारून घ्या. मोठा धोका वेगळाच. राखीव किमतीला (ज्याखाली विकायचं नाही त्या आकड्याला) बोली पोचली नाही तर चित्र पडून राहतं, आणि ते न विकल्याची नोंद सगळ्यांना दिसते. मग वर्ष-दोन वर्षं कुणी त्याच भावात हात लावत नाही. म्हणून लिलावात द्यायचं तर राखीव किंमत कमी ठेवून द्यावं, नाहीतर देऊ नये.

तुमच्या १९५८च्या चित्राला मी गॅलरीच सुचवेन. नाव ओळखीचं आहे पण दर हंगामाला बोली लागणारं नाही, तिथे एक नेमका ग्राहक शोधणारा माणूस लागतो.

आता करार. पाचशेच्या मुद्रांकावर (महाराष्ट्रात शंभरचा गेला, ऑक्टोबर २०२४पासून किमान पाचशे). त्यात पुढचं हवंच:

चित्राचं वर्णन, माप, सहीची जागा आणि लिपी, आजची स्थिती, सोबत सही केलेले फोटो. परत येताना कोपरा फुटलेला असला तर हेच कामाला येतं.

कमिशन टक्क्यात, आणि ग्राहकाला दिलेल्या बिलाची प्रत तुम्हाला मिळेल ही अट. 'तुम्हाला हातात तीन लाख देतो, वरचं आमचं' याला हो म्हणू नका. तीनचं चित्र सातला गेलं तरी तुम्हाला कळणार नाही, आणि कळलं तरी बोलायला जागा नाही.

सूट. ग्राहक दहा टक्के मागतोच. ती कमिशनमधून जाणार की दोघांत अर्धी-अर्धी, हे लिहा. न लिहिल्यास तिचा मोठा भाग तुमच्या वाट्याला, हे अनुभवाने नव्हे तर गणितानेच कळतं.

मुदत तीन ते सहा महिने. विक्रीनंतर पैसे किती दिवसांत: पंधरा ते तीस वाजवी. ग्राहक हप्त्याने देत असेल तर पूर्ण पैसे येईपर्यंत चित्र गॅलरीबाहेर जाणार नाही. 'घरी लावून बघतो' म्हणणाऱ्या ग्राहकाकडे नेण्याआधी तुम्हाला लेखी कळवणं. विमा कुणाचा, किती रकमेचा आणि वाहतुकीतही लागू आहे का. रक्कम किमान तुमच्या हातात पडणाऱ्या पैशांइतकी. मागणी न आल्यास परत आणण्याचा खर्च कुणाचा. वाद झाल्यास अधिकारक्षेत्र पुणे.

आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ: पूर्ण रक्कम मिळेपर्यंत मालकी तुमची. वस्तुविक्री कायद्यात (१९३०चा) एक मेख आहे. मालकाच्या संमतीने वस्तू ताब्यात असलेल्या व्यापारी दलालाने नेहमीच्या धंद्यात ती विकली आणि घेणाऱ्याने प्रामाणिकपणे घेतली, तर घेणाऱ्याची मालकी पक्की होते, दलालाने तुमची अट मोडलेली असली तरी. म्हणजे गॅलरीने ठरल्यापेक्षा कमीत विकलं तर चित्र परत मिळत नाही, भांडण फक्त गॅलरीशी पैशांचं उरतं. करार त्या भांडणासाठी असतो. म्हणून कुणाला देताय हे करारापेक्षा आधी बघायचं.

वारसाहक्क म्हणालात म्हणून: मृत्युपत्र नसेल तर सगळ्या वारसांची सही केलेली संमती लागेल, लग्न होऊन गेलेल्या आत्या-बहिणींसकट. चांगली गॅलरी हे मागतेच. न मागणाऱ्या गॅलरीबद्दल मी जरा सावध राहीन.

---

जलरंगी

दोन नंबरच्या ठिपक्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

ते बुरशीचे किंवा कागदातल्या लोहकणांचे डाग. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर लावलेल्या, काचेला कागद चिकटलेल्या फ्रेममध्ये हटकून येतात. ब्लीच, लिंबू, खोडरबर काही लावायचं नाही. काचेच्या कडेने आत डोकावून बघा: चित्राच्या चारी बाजूंना माउंटच्या (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या) कापाशेजारी तपकिरी रेघ दिसते का? ती आम्लयुक्त पुठ्ठ्याने कागद करपल्याची खूण. पुठ्ठा बदलला नाही तर रेघ आत आत सरकते. मात्र कागद पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने किंवा सेलोटेपने चिकटवलेला असेल तर ओढून काढू नका, कागदाचा वरचा थर पुठ्ठ्याबरोबर निघतो. काचेला चिकटला असेल तर काच तशीच राहू द्या आणि तसंच संवर्धकाकडे न्या. कसर लागलीये का बघा, कडा कुरतडल्यासारख्या दिसतात.

उजेडासमोर धरता आलं तर कागदातला जलचिन्हाचा ठसा शोधा. व्हॉटमनच्या कागदात नाव आणि कधीकधी वर्षही असतं. कागद १९२१नंतरचा निघाला तर पेन्सिलीतलं वर्ष खोटं, एवढं तरी कळेल.

आणि माझा एक प्रश्न, धागा पळवतोय त्याबद्दल माफी. हयात चित्रकाराने गॅलरीला किंमत सांगताना चौरस इंचाने सांगावी की कशी? मोठ्या चित्रांना आकडा भलताच होतो.

---

तैलरंग

@जलरंगी, होतोच. चौरस इंचाला १०० धरले तर १२ बाय १६चं चित्र १९,२०० आणि ३६ बाय ४८चं १,७२,८००. पहिलं विकलं जातं, दुसरं घरी परत येतं. त्यापेक्षा उंची आणि रुंदीची बेरीज करून तिला दर लावा. बेरजेच्या इंचाला ७०० धरले तर लहान २८ गुणिले ७००, म्हणजे १९,६०० आणि मोठं ८४ गुणिले ७००, म्हणजे ५८,८००. मोठ्याला हे थोडं स्वस्त पडतं, म्हणून काही जण मोठ्या मापांना दर वाढवतात. कुठलंही सूत्र घ्या, पण यादी एकच ठेवा. बालगंधर्वच्या प्रदर्शनात २०ला आणि गॅलरीत ४०ला असं झालं की गॅलरीचा ग्राहकच ते गॅलरीला फोन करून सांगतो, आणि तुमचं नाव भिंतीवरून उतरतं. घरून विकतानाही गॅलरीचाच भाव. कमिशन वाचलं ते तुमचं, ग्राहकाचं नव्हे.

फ्रेमचा खर्च किमतीत धरला असेल तर तो वजा करून मग कमिशन लावायला सांगा. नाहीतर स्वतःच्याच फ्रेमवर ४० टक्के देऊन बसाल. दाखवायला १५-२० कामं पुरतात, पण एका धाग्यातली. गणपती, वाडे, अमूर्त आणि पोर्ट्रेट एकत्र नेलं की गॅलरीवाल्याला काय विकायचं तेच कळत नाही.

प्रत्येक चित्राचा क्रमांक स्ट्रेचरच्या (कॅनव्हास ताणलेल्या चौकटीच्या) लाकडावर पेन्सिलीने घाला. कॅनव्हासच्या पाठीवर बॉलपेनने लिहिलं तर काही वर्षांत पुढून उठतं.

---

हिशेबनीस

कराचा भाग. @नारायणपेठकर, घरगुती वापराच्या वस्तू विकल्या तर भांडवली नफा नाही असं लोक म्हणतात ते बरोबर आहे, पण चित्रं, शिल्पं आणि दागिने त्या सवलतीतून मुद्दाम बाहेर ठेवलेले आहेत. तेव्हा कर लागतो.

वारशाने आलेल्या वस्तूत आधीच्या मालकाची खरेदी किंमत आणि त्याने किती काळ बाळगली ते दोन्ही तुमच्याकडे येतं. २४ महिन्यांपेक्षा जास्त म्हणजे दीर्घकालीन. २३ जुलै २०२४पासून दर १२.५ टक्के, महागाईच्या निर्देशांकाने मूळ किंमत वाढवून मिळत नाही. खरेदी १ एप्रिल २००१च्या आधीची असेल तर त्या दिवशीची बाजारकिंमत मूळ किंमत म्हणून घेता येते. निर्देशांक गेल्यामुळे मूळ किंमत वाढवायची हीच वाट उरली आहे, म्हणून नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल विक्रीच्या आधी करून घ्या. चित्र हाताबाहेर गेल्यावर तो फोटोवरून लिहितो, आणि ते वजनदार दिसत नाही.

उदाहरण पाच लाखांच्या विक्रीचं. कमिशन २० टक्के म्हणजे १ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी १८,०००. गॅलरी तुम्हाला देईल ३,८२,०००. २००१ची किंमत ४०,००० धरली तर नफा ५,००,००० वजा १,१८,००० वजा ४०,००० म्हणजे ३,४२,०००. कर ४२,७५०, वर चार टक्के उपकर १,७१०, एकूण ४४,४६०. हातात उरले ३,३७,५४०. कमिशनचं बिल तुमच्या नावावर हवं, नाहीतर ती वजावट मागता येणार नाही. वारस तीन असतील तर पैसेही तिघांच्या खात्यात वाटून घ्या आणि नफा प्रत्येकाने आपापला दाखवा.

चित्रावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून १२वरून ५ टक्क्यांवर आला. घरातलं एखादं चित्र विकणं हा तुमचा धंदा नसल्याने नोंदणीचा प्रश्न तुम्हाला येत नाही. गॅलरी स्वतःच्या नावाने बिल करते की तुमची दलाल म्हणून, यावर ग्राहकाने किती भरायचं ते ठरतं. किंमत सांगताना करासकट की वेगळा, हे गॅलरीकडून स्पष्ट करून घ्या.

त्या दीड लाख रोखवाल्याबद्दल: एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्यालाच, म्हणजे तुम्हाला, तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. दीड लाख त्याच्या आत बसतात. आकडा तिथे का थांबला याचं एक कारण तेही असेल. हलकेच घ्या.

---

कागदीघोडा

दोन गोष्टी राहिल्या होत्या.

१९२१चा जलरंग खराच असेल तर तो शंभर वर्षांच्या पलीकडे गेला, म्हणजे १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली आला. चित्रं नोंदणीच्या यादीत आहेत. नोंदणी अधिकाऱ्याकडे फोटोंसह अर्ज करावा लागतो आणि नोंदलेली वस्तू दुसऱ्याला दिली की त्यालाही कळवावं लागतं. अशा वस्तूंचा व्यापार करायला पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. गॅलरीकडे तो आहे का विचारा, प्रत मागा. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून पाठवायचा विचार असेल तर तो सोडा, खासगी माणसाला पुरावस्तू बाहेर पाठवता येत नाही. १९५८चं चित्र मात्र सध्या यात येत नाही.

दुसरं, चित्र विकलं म्हणजे त्याच्या प्रती छापायचा हक्क विकला असं होत नाही. तो चित्रकाराचा आणि नंतर वारसांचा, मृत्यूच्या वर्षानंतर ६० वर्षं. चित्रकार दीनानाथ दलाल १९७१ला गेले, म्हणजे त्यांचं २०३१ अखेरपर्यंत. गॅलरी 'प्रिंट काढून विकू' म्हणाली तर तो अधिकार तुमच्याकडे नाहीच, त्यामुळे देऊही नका. शिवाय मूळ चित्राची पुनर्विक्री दहा हजारांच्या वर गेली तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मागण्याची तरतूद कॉपीराइट कायद्यात आहे, कमाल १० टक्के. असा दावा आला तर कुणी भरायचा, ही एक ओळ करारात टाका.

अवांतर: चित्रकाराच्या कुटुंबाशी याच निमित्ताने संपर्क करा. चित्र खरं असल्याचं त्यांचं पत्र गॅलरीच्या स्वतःच्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त चालतं. विकणाऱ्यानेच दिलेलं प्रमाणपत्र ही फार तर त्याची हमी, पुरावा नव्हे.

---

नारायणपेठकर

सगळ्यांचे आभार. भिंगाने पाहिलं. लक्ष्मीच्या गालावर वेडेवाकडे ठिपके आहेत, समास मात्र शाबूत आहे आणि खाली कार्ला-लोणावळा वाचता येतंय. रोखवाल्याला 'नाही' असं कळवलं. तैलचित्राच्या मागे बॉम्बे आर्ट सोसायटीचं अर्धवट फाटलेलं लेबल सापडलं, क्रमांक दिसतोय. मुंबईच्या एका गॅलरीने चित्र समक्ष आणायला सांगितलंय. स्वतःच्या गाडीने नेणार आहे. बबल रॅपमध्ये गुंडाळून डिकीत ठेवलं तर चालेल ना?

---

तैलरंग

लेबल फाटलंय तर त्याला चिकटपट्टी लावू नका. सुटं झालं असेल तर स्वच्छ पाकिटात घालून वेगळं न्या.

बबल रॅप थेट रंगावर नको. उन्हात तापलेल्या गाडीत रंग आणि व्हार्निश मऊ होतं, बुडबुड्यांचे गोल ठसे कायमचे उमटतात. आधी ग्लासीन (गुळगुळीत, न चिकटणारा) कागद, तो न मिळाल्यास चांगला बटर पेपर, तोही ताणून न बसवता सैल. फ्रेमच्या चार कोपऱ्यांना फोमचे कोपरे. समोर आणि मागे फ्रेमपेक्षा दोन इंच मोठा जाड पुठ्ठा, म्हणजे कुणाचं कोपर कॅनव्हासला लागणार नाही. मग बबल रॅप, बुडबुडे बाहेरच्या बाजूला. टेप पुठ्ठ्यावर, फ्रेमच्या मुलाम्यावर अजिबात नाही. वर बाण काढा आणि कुठली बाजू चित्राची ते लिहा.

जलरंगाच्या काचेवर मास्किंग टेपची फुली मारा. काच फुटली तर तुकडे कागदावर पडत नाहीत. काचेऐवजी अॅक्रिलिक असेल तर टेप नको, ओरखडे आणि गोंद राहतो.

डिकी नको, तिथे उष्णता आणि हादरे दोन्ही जास्त. मागची सीट पाडून लांब कडेवर उभं ठेवा, दोन्ही बाजूंनी गादी किंवा रजई लावून पट्ट्याने आवळा. दोन चित्रं असतील तर तोंडाला तोंड, पाठीला पाठ. पहाटे निघा. फूड मॉलवर थांबलात तर गाडी सावलीत आणि एक माणूस गाडीत. तिथे पोचल्यावर गॅलरीतच, दोघांसमोर उघडा, आणि स्थितीची नोंद लिहून सही झाल्याशिवाय चित्र तिथे सोडू नका, दुसऱ्या दिवशी मेल करतो म्हणाले तरी.